लाळ, स्टार्च आणि आयोडीन: निळा रंग गेला म्हणजे नेमकं काय झालं?

अकरावी-बारावीच्या जर्नलमधला ओळखीचा प्रयोग आहे हा. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची, दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनवर टाकायचा आणि निळा रंग यायचा थांबला की वेळ लिहून घ्यायची. मग निष्कर्षाच्या ओळीत बहुतेक जण लिहितात, 'लाळेतील अमायलेजमुळे स्टार्चचे साखरेत रूपांतर झाले.' त्या क्षणापुरतं हे वाक्य चूक आहे. निळा रंग जातो तेव्हा बहुतांश साखर अजून व्हायचीच असते. रंग जाण्यातून कळतं ते वेगळंच: एंझाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, इथे अमायलेज) आपल्या सबस्ट्रेटला (ज्यावर ते काम करतं तो पदार्थ, इथे स्टार्च) नेमकं कुठे पकडतं आणि कुठे तोडतं. एवढ्या स्वस्त प्रयोगातून इतकी आतली गोष्ट दिसते, आणि ती एका तयार वाक्याखाली झाकली जाते, याची हळहळ वाटते.

आधी रंगाचं बघू. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा. त्यातल्या सरळ माळेला अमायलोज म्हणतात. पाण्यात ही माळ स्प्रिंगसारखी गुंडाळते, एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. त्या वेढ्यांच्या पोकळीत आयोडीन रांगेने जाऊन बसतं आणि गडद निळा रंग येतो. रंग माळेच्या लांबीवर ठरतो. साधारण ४५ ग्लुकोजपेक्षा लांब माळ निळा रंग देते, ३५-४० ची जांभळा, २०-३० ची तांबडा आणि १२ च्या खाली गेली की रंगच येत नाही, आयोडीनचा स्वतःचा पिवळा तेवढा दिसतो. म्हणून टाइलवरचे थेंब निळा, जांभळा, तांबूस, पिवळा असे बदलत जातात. हा क्रम नीट पाहिला तर माळा तुकडे होत होत आखूड होत आहेत, हे डोळ्यांना दिसतं.

आता हिशोब करा. एका माळेत १००० ग्लुकोज धरले, तर त्यांच्यामध्ये ९९९ बंध आहेत. माळेचे दहा-दहाचे तुकडे केले की रंग गेला. त्यासाठी ९९ बंध तोडावे लागतात. सगळी माळ माल्टोजमध्ये, म्हणजे दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्यांमध्ये बदलायची, तर ४९९ बंध तोडायला हवेत. रंग जातो तेव्हा कामाचा जेमतेम पाचवा भाग झालेला असतो. (प्रत्यक्षात तुकडे एकसारखे नसतात, थोडं माल्टोज सुरुवातीपासूनच सुटत असतं, पण अंदाज यायला एवढं पुरे.)

हेच ९९ घाव दुसऱ्या एंझाइमने घातले तर? वनस्पतींमध्ये बीटा-अमायलेज असतं. ते माळेच्या एका टोकाला धरतं आणि तिथून दोन-दोन ग्लुकोज काढत जातं. ९९ घावांत १९८ ग्लुकोज सुटतील, ८०२ ची माळ शिल्लक राहील आणि आयोडीन तितकंच गडद निळं दिसेल. साखर मात्र पहिल्यापेक्षा जास्त झालेली असेल. सबस्ट्रेट तोच, तुटणारा बंध तोच, घावही तितकेच. फरक फक्त पकडण्याच्या जागेचा.

ही जागा म्हणजे अॅक्टिव्ह साइट, अमायलेजच्या रेणूवरची लांबट खाच. लाळेतल्या अमायलेजमध्ये ही खाच दोन्ही बाजूंनी उघडी आहे, त्यामुळे लांब माळ मधूनच तिच्यात आडवी बसू शकते. खाचेत पाच-सहा कप्पे, प्रत्येकात एक ग्लुकोज बसतो, आणि ठरावीक दोन कप्प्यांच्या मधला बंध तुटतो. बीटा-अमायलेजची खाच एका बाजूने बंद, खिशासारखी. तिच्यात माळेचं टोकच शिरू शकतं. माळेला पकडल्यावर लाळेतलं अमायलेज एकाच भेटीत लागोपाठ काही घाव घालतं आणि मगच ती सोडतं.

बंध तुटतो तो तीन अमिनो आम्लांमुळे: ग्लुटामेट २३३, अस्पार्टेट १९७ आणि अस्पार्टेट ३००. हे आकडे म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले त्यांचे क्रमांक. साखळीत एकमेकांपासून दूर असलेली ही तिघं घडी पडल्यावर खाचेच्या तळाशी समोरासमोर येतात. ग्लुटामेट २३३ आपला प्रोटॉन दोन ग्लुकोजमधल्या ऑक्सिजनला देतं. त्याच वेळी अस्पार्टेट १९७ पलीकडच्या कार्बनवर चाल करून जातं. बंध तुटतो, माळेचा एक भाग मोकळा होतो आणि दुसरा काही क्षण अस्पार्टेटलाच चिकटून राहतो, खऱ्याखुऱ्या सहसंयुज बंधाने. मग पाण्याचा एक रेणू आत येतो. ग्लुटामेट २३३ त्याचा प्रोटॉन काढून घेतं, उरलेला भाग कार्बनला जोडला जातो आणि दुसरा तुकडाही सुटतो. ग्लुटामेटला प्रोटॉन परत मिळाला, अस्पार्टेट मोकळं झालं. एंझाइम पुन्हा होतं तसं. अस्पार्टेट ३०० मधल्या अवस्थेतल्या साखरेला धरून ठेवायला मदत करतं.

पीएचचा परिणाम समजायला एवढंच पुरतं. ग्लुटामेट २३३ जवळ सुरुवातीला प्रोटॉन असायला हवा आणि अस्पार्टेट १९७ जवळ तो नसायला हवा. आम्ल वाढलं की अस्पार्टेटवरही प्रोटॉन बसतो आणि त्याला हल्ला करता येत नाही. अल्कली वाढली की ग्लुटामेटचा प्रोटॉन निघून जातो आणि त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळल्या जातात त्या पीएच ६.८ च्या आसपास. मिठातल्या क्लोराइडची भूमिकाही इथेच आहे. खाचेजवळ एक क्लोराइड आयन बसतो आणि त्याच्यामुळे ग्लुटामेट जवळपास उदासीन पीएचलाही प्रोटॉन धरून ठेवतं. क्लोराइड काढून घेतलं तर या अमायलेजचं काम अगदी मंदावतं. कृतीत 'सोडियम क्लोराइड १ मिलि' असं लिहिलेलं असतं आणि अनेक जण ते शोभेचं समजून गाळतात, म्हणून हे सांगितलं.

कुलूप आणि किल्लीची उपमा सगळ्यांना ठाऊक असते. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९४ मध्ये ती वापरली आणि निवडकपणा समजवायला ती आजही उत्तम आहे. पण किल्ली कुलपात चपखल बसून राहिली तर घडणार काहीच नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कोशलंडने १९५८ मध्ये मांडलं की सबस्ट्रेट आत आल्यावर एंझाइमही आपला आकार बदलतं. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९४० च्या दशकात याहून मोलाची गोष्ट सांगितली होती: एंझाइमची घट्ट मिठी सबस्ट्रेटसाठी नसते, सबस्ट्रेट आणि उत्पादन यांच्यामधल्या तणावलेल्या, क्षणभर टिकणाऱ्या रूपासाठी असते. खाचेतल्या तुटायच्या जागेवरचं ग्लुकोजचं कडं आरामखुर्चीसारख्या आपल्या नेहमीच्या आकारातून ओढलं जाऊन चपटं होतं. एंझाइम नेमक्या त्या चपट्या रूपाला सगळ्यात घट्ट धरतं, त्यामुळे तिथवर चढायची ऊर्जेची चढण कमी होते. नुसत्या साध्या पाण्यात असा बंध आपण होऊन तुटायला लाखो वर्षं लागतात. लाळेत मिनिटं पुरतात.

याचा पुरावा औषधाच्या दुकानात मिळतो. मधुमेहावरचं अकार्बोज हे त्या चपट्या रूपाचीच नक्कल आहे. त्यातलं एक कडं मुळातच चपटं आहे आणि जिथे ऑक्सिजन असायला हवा तिथे नायट्रोजन आहे. अमायलेज त्याला घट्ट पकडतं, पण तोडू शकत नाही. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगतात, कारण ती आणि स्टार्च एकाच वेळी आतड्यात पोचायला हवेत. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंच्या हाती पडतो, म्हणून पोटात गॅस होण्याची तक्रारही नेहमीची.

आता प्रयोग नीट कसा करायचा ते. १ ग्रॅम विद्राव्य स्टार्च ५-१० मिलि गार पाण्यात कालवा. ते ८०-९० मिलि उकळत्या पाण्यात ढवळत ओता, मिनिटभर उकळा, गार झाल्यावर १०० मिलि करा. कोरडा स्टार्च थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या होतात, गुठळीच्या आत एंझाइम पोचत नाही आणि निळे ठिपके शेवटपर्यंत येत राहतात. उकळणं टाळूही नका. कच्च्या स्टार्चच्या कणात माळा इतक्या दाटीने रचलेल्या असतात की त्या खाचेत शिरायला मोकळ्याच नसतात. घरी करायचं तर सपाट अर्धा चहाचा चमचा कॉर्नफ्लॉअर सव्वाशे मिलि पाण्याला पुरतं. द्रावण त्याच दिवशी वापरा. शिळ्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचंही अमायलेज असतं.

आयोडीनसाठी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, ते विरघळल्यावर ३०० मिलि करा. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी बसून राहतं, कारण नुसत्या पाण्यात ते फारच कमी विरघळतं. घरी पोव्हिडोन आयोडीन वीसपट पातळ करून काम भागतं.

लाळ स्वतःचीच घ्या. चूळ भरा, पाचेक मिनिटं थांबा, दोन मिलि लाळ जमवा, कापसातून गाळा आणि बर्फावर ठेवा. ती किती पातळ करायची याचा एकच आकडा देता येत नाही. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात. स्टार्च भरपूर खाणाऱ्या समाजांत त्या सरासरीने जास्त आढळतात, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. शिवाय लाळ किती वेगाने सुटते यावरही एंझाइमचं प्रमाण बदलतं. वीसपटीपासून सुरुवात करा आणि रंग जायला चार ते आठ मिनिटं लागतील असं प्रमाण शोधा. लाळ पातळ न करता वापरली तर पहिला थेंब टाकायच्या आतच रंग गेलेला असू शकतो.

परीक्षानळीत ५ मिलि स्टार्च, २ मिलि फॉस्फेट बफर (पीएच ६.८ वर स्थिर ठेवणारं द्रावण) आणि १ मिलि १ टक्का मीठ घेऊन नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं ठेवा. मग १ मिलि पातळ लाळ घाला आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करा. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब आधीच मांडून ठेवा आणि दर ३० सेकंदांनी मिश्रणाचा एकेक थेंब त्यात टाका. शेजारी दुसरी नळी ठेवाच: सगळं तेच, फक्त लाळ दहा मिनिटं उकळलेली. तिचा रंग गेला तर दोष तुमच्या मांडणीत आहे.

रंग गेला त्या क्षणी १ मिलि मिश्रण काढून २ मिलि बेनेडिक्ट द्रावणात (साखर असली की रंग बदलणारं निळं द्रावण) घाला आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उरलेली नळी अर्धा तास ३७ अंशांवरच राहू द्या आणि पुन्हा तेच करा. पहिल्या वेळी हिरवट छटा येते, दुसऱ्या वेळी पिवळा-नारिंगी गाळ बसतो. आयोडीनच्या दृष्टीने दोन्ही थेंब सारखेच पिवळे, साखरेच्या दृष्टीने दोन्हींत मोठं अंतर. हे दहा मिनिटांचं जादा काम प्रत्येक वर्गात व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि इथली साखर म्हणजे मुख्यतः माल्टोज आणि तीन ग्लुकोजचं माल्टोट्रायोज. स्टार्चमधल्या काही माळांना फांद्या फुटलेल्या असतात; त्या फांद्यांच्या जागचे बंध या खाचेत बसतच नाहीत, त्यामुळे त्या भोवतीचे तुकडेही उरतात. त्यांचं ग्लुकोज करणारी एंझाइमं पुढे लहान आतड्याच्या अस्तरावर असतात.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सगळ्यात नेहमीची म्हणजे गरम थेंब. ६०-७० अंशांच्या नळीतला थेंब तसाच आयोडीनवर टाकला की निळा रंग फिका पडतो किंवा येतच नाही, कारण तापलेली स्प्रिंग सैल होते आणि आयोडीन निसटतं. थेंब गार झाला की रंग परततो. दुसरी गोष्ट लिंबाची. आम्लाचा परिणाम दाखवायला लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचंच आयोडाइड करून टाकतं, रंग जातो आणि अमायलेज आम्लात जोरात चालतं असा उलटाच निष्कर्ष निघतो. पांढरं व्हिनेगर वापरा. तिसरी सोड्याची: अल्कली वाढली की आयोडीन स्वतःच रंग गमावतं, म्हणून प्रत्येक पीएचला लाळेशिवायची नळी हवीच. 'खोलीचं तापमान' असं लिहू नका. नागपूरच्या मे महिन्यातली खोली आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरातली खोली हे दोन वेगळे प्रयोग आहेत. थर्मामीटर लावून आकडा लिहा. बर्फातल्या नळीत रंग टिकतो तो वेग मंदावल्यामुळे. तीच नळी ३७ अंशांवर आणली की काम सुरू होतं. उकळलेली नळी कितीही गार केली तरी सुरू होत नाही, कारण तिच्यातल्या प्रथिनाची घडी मोडली, तिघं एकमेकांपासून दूर गेली आणि खाच राहिलीच नाही.

मांडणी बरोबर आहे का हे तपासायचा एक भरवशाचा मार्ग आहे. लाळ दहापट, वीसपट आणि चाळीसपट पातळ करून तीन नळ्या लावा. एंझाइम निम्मं झालं की वेळ दुप्पट व्हायला हवा: दोन मिनिटं, चार, आठ. हे जुळलं नाही तर पिपेट, तापमान किंवा घड्याळ यांत कुठेतरी चूक आहे. उलट स्टार्च दुप्पट करून वेळ मोजायचा आणि त्यावरून मायकेलिस-मेंटेनचा आलेख (सबस्ट्रेट वाढवल्यावर एंझाइमचा वेग कसा बदलतो त्याचा) काढायचा, हे करू नका. स्टार्च वाढवला की तोडायच्या बंधांची संख्याही वाढते, त्यामुळे तो वेळ म्हणजे वेगाचं माप उरत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत किती साखर सुटली ते डीएनएस पद्धतीने (साखरेमुळे येणाऱ्या रंगाची तीव्रता मोजण्याची पद्धत) ५४० नॅनोमीटरवर मोजावं लागतं.

कुठे घाव बसतो हा प्रश्न कारखान्यातही तितकाच कळीचा आहे. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात ताण्याच्या सुताला विणण्याआधी खळ लावतात, म्हणजे सायझिंग करतात. खळीत स्टार्च असेल तर रंगाईआधी ती काढावी लागते, नाहीतर रंग डागाडागाने चढतो. आम्लाने खळ निघते, पण आम्लाला भेद कळत नाही. कापसाचं सेल्युलोजही ग्लुकोजचीच माळ आहे, फक्त तिथला बंध बीटा प्रकारचा, स्टार्चमधला अल्फा. आम्ल जास्त झालं किंवा कापडात वाळलं की दोन्ही तुटतात आणि सुताचा जोर जातो. अमायलेजच्या खाचेत सेल्युलोजची सरळसोट माळ बसतच नाही, म्हणून खळ जाते आणि कापड शाबूत राहतं. या कामासाठी जिवाणूंचं अमायलेज वापरतात, साधारण ६०-७० अंशांवर, आणि नंतर गरम पाण्याने चांगलं धुतात. धुणं टाळलं तर सुटलेले तुकडे तिथेच पुन्हा वाळतात. इथे साखर कुणालाच नको असते. माळा पाण्यात निघून जाण्याइतक्या आखूड झाल्या की काम झालं, त्यामुळे कापडावर आयोडीनचा थेंब टाकून बघणं ही इथे अगदी योग्य चाचणी ठरते.

मोड आणून केलेल्या नाचणीच्या पिठाचंही तसंच. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं. बाळासाठीची घट्ट पेज साठ-पासष्ट अंशांपर्यंत निवली की त्यात असं थोडं पीठ घालून ढवळा, काही मिनिटांत ती पातळ होते. मग पुन्हा एक उकळी द्या. पाणी न वाढवता पेज पातळ झाल्यामुळे बाळाच्या इवल्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त धान्य जातं. पीठ उकळत्या पेजेत टाकलं किंवा मोडाची नाचणी खरपूस भाजली, तर एंझाइम आधीच मेलेलं असतं आणि पेज पातळ होत नाही. खिरीच्या वाटीत उष्टा चमचा पुन्हा पुन्हा बुडवला की तळाशी पाणी सुटतं, तिथेही मधूनच माळा तोडणारं लाळेतलं अमायलेज काम करत असतं.

रताळ्यात मात्र टोकाकडून तोडणारं बीटा-अमायलेज भरपूर असतं. रताळं निखाऱ्यात हळूहळू तापतं तेव्हा स्टार्च फुलून मोकळा झालेला आणि एंझाइम अजून जिवंत, अशा तापमानाच्या पट्ट्यात ते बराच वेळ राहतं. तेवढ्या वेळात माल्टोज साठत जातं. मायक्रोवेव्हमध्ये हा पट्टा झटकन ओलांडला जातो, म्हणून तेच रताळं कमी गोड लागतं. भाजलेल्या गोड फोडीवर आयोडीन टाकून बघा, बहुधा जांभळा-निळा रंग येईल: साखर झालेली आहे, आणि लांब माळाही अजून शिल्लक आहेत.